वाचकांचे प्रश्न : माझा मुलगा कॉलेजच्या संघात खेळेल का?

प्रश्न : ताई, सप्रेम नमस्कार. आम्ही ओहायोत, कोलंबसजवळ राहतो. मुलगा अकरावीत, म्हणजे इथला ज्युनिअर. शाळेच्या व्हर्सिटी, म्हणजे मुख्य संघात गार्ड खेळतो. उंची 5 फूट 11 इंच, वजन 155 पौंड. नुकत्याच संपलेल्या मोसमात सामन्यामागे 17 गुण, 4 असिस्ट, थ्री पॉइंटर 38 टक्के, फ्री थ्रो 74 टक्के. अभ्यासात चांगला आहे, जीपीए 3.8, इंजिनिअरिंग करायचं म्हणतो. पण जीव सगळा बास्केटबॉलमध्ये.

घरात रोज यावरून वाद होतात. ह्यांचं म्हणणं, या उन्हाळ्यात त्याला मोठ्या, नावाजलेल्या एएयू संघात (शाळेबाहेरच्या क्लब संघात) घालू, तिथे डिव्हिजन वनचे, म्हणजे कॉलेज खेळाच्या सगळ्यात वरच्या पातळीचे कोच येतात, होऊ दे खर्च. मला त्याच्या बारावीची काळजी वाटते. सासूबाई फोनवर विचारतात, ‘उंची नाही तर बास्केटबॉल कशाला?’ ते ऐकून तो खोलीचं दार लावून घेतो.

गेल्या चार महिन्यांत 11 कॉलेजांची पत्रं आली, ‘एलिट कॅम्प’ला बोलावणारी. ती त्याने भिंतीवर लावून ठेवली आहेत. एका डिव्हिजन थ्री कॉलेजच्या कोचने मेसेज केला होता, त्याला मात्र उत्तरच दिलं नाही. म्हणतो, ‘तिथे स्कॉलरशिप नसते, ते खरं बास्केटबॉल नाही.’ खरं सांगा, तो कॉलेजात खेळेल का? कुठल्या पातळीवर? शाळा संपल्यावर एक वर्ष प्रेप स्कूलला, म्हणजे कॉलेजच्या तयारीच्या शाळेत घालावं का? त्याच्या हायलाइटची चार मिनिटांची व्हिडिओ सोबत पाठवते आहे.
— एक आई, ओहायो

उत्तर : तुमची व्हिडिओ पाहिली आणि लगेच तुम्हाला कळवून दोन अख्खे सामने मागवून घेतले, एक जिंकलेला आणि एक हरलेला. हायलाइटमध्ये प्रत्येक चेंडू जाळीतच जातो, त्यावरून गार्ड कळत नाही. गार्ड कळतो तो फसलेल्या चालींवरून आणि त्यानंतरच्या दहा सेकंदांवरून. मी स्वतः पॉइंट गार्ड, म्हणजे चेंडू आणून संघाची चाल सुरू करणारी, म्हणून खेळले आणि गेली 19 वर्षं न्यू जर्सीतल्या एका हायस्कूलमध्ये सहायक कोच आहे. इतक्या वर्षांत आमच्या शाळेतून कॉलेजात खेळायला गेलेली मुलं-मुली 14. त्यांतलं एकच डिव्हिजन वनला गेलं. पुढचं सगळं या अनुभवातून लिहिते आहे, तेव्हा काही वाक्यं लागली तर राग मानू नका.

आधी मला सगळ्यात आवडलेली गोष्ट. हरलेला सामना, तिसरा क्वार्टर. आपल्या एका मुलाच्या हातून चेंडू सुटतो आणि समोरचे दोघे मोकळ्या मैदानात धावत सुटतात. तुमचा लेक तेव्हा पार पलीकडच्या कोपऱ्यात आहे. तिथून तो जिवाच्या आकांताने धावत येतो, पण चेंडूवाल्यावर झेप घेत नाही. दोघांच्या मधल्या रेषेत येऊन एक खोटं पाऊल चेंडूवाल्याकडे टाकतो. तो फसतो, पास द्यायला हात उचलतो, तोवर तुमचा मुलगा मागे सरकून पासच्या वाटेत उभा. पास उंच जातो, शॉट घाईत पडतो, रिबाउंड आपल्याला मिळतो. स्कोअरबुकात याची नोंद नाही. तुमच्या हायलाइटमध्येही नाही! कॉलेजचा कोच मात्र वहीत पहिली खूण इथे करील. मीही केली.

दुसरी खूणही चांगली आहे. टाइमआउटनंतर राखीव फळीतला एक नवखा मुलगा मैदानात येतो आणि गोंधळून उभा राहतो. तुमचा मुलगा चेंडू आत घेण्याआधी त्याला बोटाने कोपरा दाखवतो, तो तिथे पोहोचेपर्यंत थांबतो, मग चाल सुरू करतो. व्हिडिओच्या अगदी कडेला दिसतं ते. दुसऱ्याला जागा दाखवणारा गार्ड शिकवून तयार करणं फार अवघड असतं. तुमच्या घरात ते आयतं आहे.

आता उणं सांगते. दोन सामन्यांत तो 31 वेळा पिक अँड रोलमध्ये (साथीदार डिफेंडरच्या वाटेत आड उभा राहतो, ती ‘स्क्रीन’, आणि मग बास्केटकडे वळतो, तो ‘रोल’) चेंडू घेऊन आला, मी मोजलं. 17 वेळा स्वतः शॉट मारला, 6 वेळा पास दिला, 5 वेळा चेंडू गमावला, 3 वेळा काहीच न होता चाल परत मागे आली. त्या 17 शॉटपैकी 14 उजवीकडे जाऊन मारलेले. जिंकलेल्या सामन्यात समोरचा संघ हलका होता, खपून गेलं. हरलेल्या सामन्यात त्यांच्या कोचला दुसऱ्या क्वार्टरपर्यंत हे कळलं होतं. त्यांचा डिफेंडर सरळ याच्या उजव्या खांद्यावर येऊन उभा राहू लागला आणि तुमचा मुलगा दोनदा अर्ध्या मैदानाच्या रेषेजवळ पाठ वळवून अडकला. दोन्ही वेळा चेंडू गेला, दोन्ही वेळा डावीकडे.

त्याच सामन्यातली आणखी एक चाल, चौथ्या क्वार्टरची सुरुवात. स्क्रीन उत्तम लागली, त्याचा डिफेंडर मागे पडला, अगदी पाठीवर आला. त्यांचा उंच खेळाडू पुढे न येता बास्केटखाली सरकून उभा होता, याला ‘ड्रॉप’ म्हणतात. म्हणजे फ्री थ्रोच्या रेषेजवळ दहा-बारा फुटांचा मोकळा तुकडा तुमच्या लेकाचा होता. कॉलेजचा गार्ड इथे वेग कमी करतो, मागच्याला पाठीवरच अडवून ठेवतो आणि उंच खेळाडूला ठरवायला लावतो. तो पुढे आला तर रोल करणाऱ्या साथीदाराला पास, नाही आला तर फ्लोटर, म्हणजे त्याच्या हातांवरून हळूच उंच सोडलेला शॉट. आणि कोपऱ्यातला डिफेंडर मदतीला आत आला, तर पलीकडच्या कोपऱ्यात लांब पास. तीन वाटा होत्या. तुमच्या मुलाने चौथी निवडली, पूर्ण वेगात उंच खेळाडूच्या अंगावर गेला आणि शॉट अडवला गेला. मी व्हिडिओ थांबवून पाहिली. त्या क्षणी पलीकडच्या कोपऱ्यात आपला मुलगा एकटा उभा होता, हात वर करून.

तुम्ही 4 असिस्ट, म्हणजे साथीदाराला बास्केट करून देणारे पास, लिहिलेत, टर्नओव्हर, म्हणजे गमावलेले चेंडू, लिहिले नाहीत. मागाहून विचारल्यावर 3.6 कळवलेत. कॉलेजच्या कोचला 17 गुणांपेक्षा या दोन आकड्यांचं नातं महत्त्वाचं वाटतं. एका टर्नओव्हरमागे दोन असिस्ट असले की पॉइंट गार्डच्या हाती चेंडू निर्धास्त देता येतो. 5 फूट 11 इंचाच्या मुलाकडे कोच आधी हेच पाहतो, ‘याच्या हातात माझ्या संघाचा चेंडू सुरक्षित आहे का?’ गुण करणारे त्याच्याकडे आधीच असतात, बहुधा 6 फूट 4 इंचांचे.

शॉटचं सांगते. हायस्कूलची थ्री पॉइंट रेषा 19 फूट 9 इंचांवर असते, कॉलेजची 22 फूट पावणेदोन इंचांवर. म्हणजे जवळजवळ अडीच फूट मागे. त्याचे 38 टक्के जवळच्या रेषेवरचे आहेत. फ्री थ्रो मात्र सगळीकडे 15 फुटांवरूनच असतो आणि तिथे कोणी अंगावर नसतं, म्हणून शॉट खरा किती बसला आहे ते कोच फ्री थ्रोवरून ताडतात. 74 वाईट नाही, पण गार्डकडून 80च्या वर अपेक्षा असते. त्यातून कॉलेजात 30 सेकंदांचा शॉट क्लॉक. शाळांना 2022-23च्या मोसमापासून 35 सेकंदांचा क्लॉक लावायची मुभा मिळाली, तरी सगळ्या राज्यांनी तो घेतलेला नाही. पहिली चाल फसली की कॉलेजात हाताशी बारा-तेरा सेकंद उरतात आणि तेवढ्यात नवीन काहीतरी उभं करायचं ते गार्डनेच.

तर पातळी कुठली? आज आहे तसा तो डिव्हिजन वनचा खेळाडू नाही. उंची हे त्याचं एकमेव कारण नाही, हे सासूबाईंना जरूर सांगा. टी. जे. मॅककॉनेल 6 फूट 1 इंचाचा, 2015 साली ड्राफ्टमध्ये, म्हणजे एनबीए संघांच्या नव्या खेळाडूंच्या निवडीत, कोणी घेतला नाही, तरी एनबीएत टिकून आहे, कारण तो मैदानभर समोरच्याच्या अंगाला चिकटून राहतो आणि चेंडू वाया घालवत नाही. पण कमी उंचीच्या मुलाला बाकी सगळं जास्त लागतं. आकड्यांत सांगायचं तर देशभरात हायस्कूल बास्केटबॉल खेळणारे मुलगे साधारण साडेपाच लाख. त्यांतले शंभरात साडेतीन एनसीएए या कॉलेज खेळांच्या संघटनेच्या तिन्ही डिव्हिजन मिळून कुठेतरी खेळतात, डिव्हिजन वनला शंभरात एक. त्यात अलीकडे ट्रान्सफरचे नियम सैल झाले. 2024पासून तर खेळाडू कितीही वेळा कॉलेज बदलून लगेच खेळू शकतो. कोचच्या जागी स्वतःला ठेवून पाहा. संघात 15 जागा आणि दारात 22 वर्षांचा, 60 कॉलेज सामने खेळलेला, 195 पौंडांचा गार्ड उभा. तो हायस्कूलच्या मुलासाठी कशाला थांबेल? यात तुमच्या मुलाचा दोष नाही, तो या काळात अकरावीत आहे इतकंच.

आणखी एक खूण. दहावी संपल्यानंतरच्या 15 जूनपासून डिव्हिजन वनचे कोच मुलांना थेट फोन आणि मेसेज करू शकतात. तुमच्या मुलाची ती तारीख गेल्या जूनमध्येच गेली. फोन वाजला नाही, हे आजचं उत्तर आहे. उद्याचं वेगळं असू शकतं.

भिंतीवरची 11 पत्रं तुम्ही काढू नका, त्याला कारण समजावून सांगा, तोच काढील. एनसीएएच्या नियमाप्रमाणे कॉलेजचा कॅम्प सगळ्यांना खुला ठेवावा लागतो. संख्या आणि वयाची अट घालता येते, निवडक मुलांपुरता तो राखून ठेवता येत नाही. तेव्हा ‘तुझी निवड झाली आहे’ असं छापलेलं पत्र म्हणजे फी भरायचं आमंत्रण. कोचने त्याच्या एखाद्या सामन्याचा, एखाद्या चालीचा उल्लेख करून स्वतः लिहिलं असेल तर गोष्ट वेगळी. यात मी स्वतः पोळले आहे. माझ्या मुलीच्या वेळी आम्ही एका कंपनीला 2,400 डॉलर भरले, शेकडो कोचांपर्यंत तिची माहिती पोहोचवतो म्हणाले होते. एकाही कोचचं उत्तर आलं नाही. नंतर तिने स्वतः दहा ओळींचा ईमेल लिहिला, पूर्ण सामन्याची लिंक आणि मार्कशीट जोडून 26 कॉलेजांना पाठवला आणि सात जणांनी उत्तर दिलं. त्यांतल्याच एका डिव्हिजन थ्री कॉलेजात ती चार वर्षं खेळली. या चार वर्षांत ती जे बास्केटबॉल खेळली त्याला कोणी खोटं म्हणालं, तर मला ते सहन होत नाही.

म्हणून त्या कोचच्या मेसेजकडे येते, ज्याला तुमच्या मुलाने उत्तर दिलं नाही. तुमच्या अख्ख्या पत्रात सगळ्यात महत्त्वाची बातमी तीच होती आणि तुम्ही ती शेवटी, एका ओळीत लिहिलीत. डिव्हिजन थ्रीचा कोच कॅम्पची फी मागत नव्हता. त्याने तुमच्या मुलाचा खेळ पाहून, वेळ काढून लिहिलं. डिव्हिजन थ्रीला खेळासाठी स्कॉलरशिप नसते, हे खरं. आयव्ही लीगमध्येही नसते, आयव्हीला मात्र कोणी नाक मुरडत नाही. डिव्हिजन टूला पुरुष संघामागे 10 स्कॉलरशिप असतात, त्या बहुतेक वेळा तुकडे करून वाटतात, म्हणजे कोणाला अर्धी, कोणाला पाव. उलट 3.8 जीपीएच्या मुलाला डिव्हिजन थ्री कॉलेज गुणवत्तेवर जी मदत देतं ती कधीकधी त्या पाव स्कॉलरशिपहून मोठी निघते. प्रत्येक कॉलेजच्या वेबसाइटवर ‘नेट प्राइस कॅल्क्युलेटर’ असतोच, तो ठेवणं कायद्याने बंधनकारक आहे. रविवारी संध्याकाळी दोघांनी बसून पाच कॉलेजांचे आकडे काढा. निम्मा वाद तिथेच मिटेल.

आणि तुम्ही राहता ओहायोत! डिव्हिजन वनची 13 कॉलेजं तिथे आहेतच, पण वूस्टर, विटनबर्ग, जॉन कॅरल, ओहायो वेस्लियन, डेनिसन ही डिव्हिजन थ्री नावंही आहेत. वूस्टर आणि विटनबर्गमध्ये बास्केटबॉल किती मनापासून पाहिला जातो ते त्याला एकदा प्रत्यक्ष दाखवा. इंजिनिअरिंग आणि बास्केटबॉल दोन्ही हवं असेल तर क्लीव्हलंडचं केस वेस्टर्न रिझर्व्ह, पिट्सबर्गचं कार्नेगी मेलन, इंडियानातलं रोझ-हलमन. तिन्ही डिव्हिजन थ्री. डिव्हिजन टूमधलं फिंडली घरापासून दोन तासांच्या आत आहे. त्या संघाने 2009 साली एकही सामना न हरता राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं होतं. पुढच्या मोसमात यांतले तीन सामने घरच्यांनी मिळून पाहावेत आणि त्याने फक्त गार्डकडे बघावं. मग ‘खरं बास्केटबॉल’ यावर त्याचं मत मला कळवा.

एनबीएतल्या डेरिक व्हाइटचं उदाहरण द्यायला मी कचरते, कारण अशा गोष्टीतून आई-बाप एनबीए ऐकतात. पण त्यातला माझ्या कामाचा भाग वेगळा आहे. तो कोलोरॅडो स्प्रिंग्जच्या डिव्हिजन टू कॉलेजात तीन वर्षं खेळला, मग डिव्हिजन वनला कोलोरॅडो विद्यापीठात एक वर्ष, मग 2017 साली ड्राफ्टमध्ये 29वा. त्या तीन वर्षांत तो बाकावर बसला नाही, खेळला. गार्ड सामन्यात चुका करूनच घडतो आणि चुका करायला मिनिटं लागतात. मोठ्या नावाच्या कॉलेजात शेवटच्या खुर्चीवर वॉक-ऑन, म्हणजे स्कॉलरशिपशिवाय संघात आलेला, म्हणून बसलेल्या मुलाला ती मिळत नाहीत.

हाच निकष एएयूला लावा. त्या नावाजलेल्या संघात त्याच्या आधी दोन गार्ड असतील तर चेंडू त्याच्या हाती येणारच नाही. तुमच्या ह्यांना सांगा, पैसे भरण्याआधी तिथल्या कोचला एकच प्रश्न विचारा, ‘दुसरा पॉइंट गार्ड कोण आहे आणि माझा मुलगा किती वेळ चेंडू घेऊन येईल?’ उत्तर गुळमुळीत आलं तर सध्याच्याच संघात ठेवा. जुलैत त्या संघाची एखादी स्पर्धा अशा ठिकाणी असेल जिथे डिव्हिजन टू-थ्रीचे कोच येतात, तर तेवढं पुरे.

प्रेप स्कूलबद्दल थोडक्यात. उशिरा वाढणाऱ्या, अंगाने अजून न भरलेल्या मुलाला त्या वर्षाचा उपयोग होतो. तुमच्या मुलाचं वय आणि वाढ डॉक्टरांना विचारा. पण 3.8 जीपीए घेऊन इंजिनिअरिंगला जाऊ पाहणाऱ्या मुलाचं वर्ष आणि इतका पैसा केवळ ‘कदाचित’वर मी तरी लावणार नाही. शाळेच्या समुपदेशकाकडून एक मात्र याच महिन्यात तपासून घ्या. एनसीएएच्या डिव्हिजन वनसाठी 16 कोअर कोर्स लागतात, त्यांतले 10 बारावी सुरू होण्याआधी पूर्ण व्हावे लागतात आणि त्या दहांत 7 इंग्रजी, गणित, विज्ञानाचे. तुमचा मुलगा त्यात बसत असणार, तरी कागद पाहा. डिव्हिजन थ्रीच्या निवडक कॉलेजांत अकरावीनंतरच्या उन्हाळ्यात कोच मार्कशीट मागून प्रवेश विभागाकडून आधीच वाचून घेतात, ‘प्री-रीड’ म्हणतात त्याला. ती वेळ तुमच्यावर तीन महिन्यांत येते आहे.

पुढचं त्याला स्वतःला वाचायला द्या.

बाळा, तुझा तो दोघांविरुद्ध एकट्याने केलेला बचाव मी चार वेळा पाहिला. तसा खेळणारा मुलगा मला माझ्या संघात हवा असतो. आता हा उन्हाळा डाव्या हाताला दे. रोज पहिली वीस मिनिटं उजवा हात चेंडूला लावायचाच नाही. लेअप डाव्या हाताने, दोन्ही पायांवरून, आणि कोणालातरी उशी घेऊन खांद्याला धक्के मारायला सांग, कारण कॉलेजात मोकळा लेअप मिळत नाही. मग फ्लोटर, दोन्ही बाजूंनी 50-50. थ्रीचा सराव कॉलेजच्या रेषेवरून कर, जमिनीवर चिकटपट्टी लाव. शेवटी दमलेला असशील तेव्हा फ्री थ्रो, सलग दहा पडेपर्यंत घरी जायचं नाही. एनबीएतला गार्ड जेलन ब्रन्सन, त्याचे सामने पाहा, पण गुण पाहू नकोस, पाय पाहा. तो किती वेळा थांबतो आणि थांबल्यावर समोरचा कसा हवेत जातो ते मोज. आणि आज रात्री त्या कोचला उत्तर लिही. उशीर झाल्याबद्दल माफी माग, पूर्ण सामन्याची लिंक दे, हरलेल्या सामन्याची. आईने लिहून दिलेला मजकूर पाठवू नकोस. कोचला ते पहिल्या ओळीत कळतं.

प्रश्न : आम्ही सगळे एच-वनबी या नोकरीच्या आणि एच-फोर या कुटुंबीयांच्या व्हिसावर आहोत, ग्रीन कार्डाला वेळ आहे. मुलगी दहावीत, चांगली गार्ड आहे. एच-फोरवर तिला खेळाची स्कॉलरशिप घेता येईल का? हल्ली कॉलेजचे खेळाडू जाहिरातींतून कमावतात, ते तिला चालेल का?
— एक वडील, टेक्सस

उत्तर : स्कॉलरशिप म्हणजे नोकरी नव्हे, त्यामुळे एच-फोरवरच्या मुलीला ती घेण्यात अडचण नाही. जाहिरातीचे, स्वतःच्या नावाचे पैसे, ज्याला एनआयएल म्हणतात आणि जे जुलै 2021पासून सुरू झालं, ते वेगळं प्रकरण आहे. एच-फोरवरच्या मुलांना काम करायची परवानगी नसते आणि पुढे एफ-वन हा विद्यार्थी व्हिसा घेतला तरी कॉलेजबाहेर काम करण्यावर कडक बंधनं असतात. फुकट बूट घेऊन फोटो टाकण्याइतकी साधी गोष्टही इमिग्रेशन वकिलाला विचारल्याशिवाय करू नका. कॉलेजचा कोच ‘सगळेच करतात’ म्हणाला तरी नाही, कारण व्हिसा त्याचा जाणार नाही. 21व्या वर्षी तिचा एच-फोर संपतो, म्हणजे कॉलेजच्या मधेच. त्याआधी एफ-वनवर जायचं वेळापत्रक आत्ताच मांडून ठेवा. सरकारी आर्थिक मदत एच-फोरवर मिळत नाही, कॉलेजच्या स्वतःच्या निधीतून मिळू शकते. कोच पहिल्यांदा बोलेल तेव्हाच तिचा व्हिसा कुठला ते सांगून टाका. लपवून ठेवलेली गोष्ट बारावीत उघडी पडली की मिळत आलेली ऑफर जाते, माझ्यासमोर एका मुलीची गेली आहे.

प्रश्न : मावशी, मी नववीत आहे, उंची 5 फूट 3 इंच. ज्युनिअर व्हर्सिटीत, म्हणजे शाळेच्या दुसऱ्या संघात, पॉइंट गार्ड खेळते. आई-बाबा म्हणतात अर्ध्या तासाहून जास्त वेळ यात घालवायचा नाही. अर्ध्या तासात काय करू? आणि माझ्यासारख्या मुली कॉलेजात खेळतात का?
— मिशिगनमधली एक वाचक

उत्तर : खेळतात गं. सोनिया रामन बोस्टनजवळच्या टफ्ट्स कॉलेजात, डिव्हिजन थ्रीला खेळली. मग कायदा शिकली, वकिलीही केली, मग बारा वर्षं एमआयटीच्या मुलींच्या संघाची कोच होती आणि 2020 साली तिथून थेट एनबीएच्या मेम्फिस संघाची सहायक कोच झाली. तिचं नाव शोधून वाच.

अर्धा तास रोज मिळत असेल तर तो भरपूर आहे. आधी चेंडू बघ, मुलींचा चेंडू साडेअठ्ठावीस इंच घेराचा असतो. घरी दादाचा साडेएकोणतीस इंचांचा असेल तर शॉट त्याने मारू नकोस, हात बिघडतो. ड्रिबल खुशाल कर.

दहा मिनिटं भिंतीसमोर पास. एका हाताने, ड्रिबल चालू असतानाच, चेंडू दोन्ही हातांत न धरता. भिंतीवर खडूने तीन खुणा कर, छातीइतकी, गुडघ्याइतकी आणि डोक्यावर. मारायच्या आधी खुणेकडे बघायचं नाही, नजर दुसऱ्या खुणेवर ठेवायची. पहिले दोन आठवडे चेंडू भलतीकडेच जाईल, जाऊ दे. पुढची दहा मिनिटं जवळून शॉट, बास्केटपासून पाच-सहा फुटांवर, एकाच हाताने, दुसरा हात पाठीमागे. थ्रीच्या मागे आत्ता लागू नकोस, अंगात ताकद नसताना लांबून मारलं की कोपर बाहेर जातं आणि ती सवय मोडायला मला पुढे दोन वर्षं लागतात. शेवटची दहा मिनिटं तुला आवडेल ते खेळ, कोणाचं ऐकू नकोस.

आणि एक काम सामन्यातलं. मैत्रिणीला किंवा बाबांना वही देऊन बसव. प्रत्येक वेळी चेंडू तुझ्या हातात आला की तू आधी मान वर केलीस की आधी ड्रिबल मारलास, एवढंच त्यांनी टिपायचं. दोन रकाने. गुण, असिस्ट काही लिहायचं नाही. नोव्हेंबरअखेर तुझा मोसम सुरू झाला की पहिल्या तीन सामन्यांचे ते दोन रकाने मला पाठव, मग पुढचं काय करायचं ते सांगते.